रविवारी रात्री घरी, सोमवारी कामावर: सुटीतलं आइस क्लाइंबिंग आखायचं कसं

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बर्फावर चढायला जाणारे बहुतेक जण आखणी चुकीच्या टोकापासून सुरू करतात. आधी गोठलेला धबधबा ठरतो, मग निघायची वेळ, मग चढाई. परतीचं मात्र ‘बघू, होईल रात्रीपर्यंत’ असं मोघम राहतं. मग रविवारी शेवटची पिच (एका दोराच्या लांबीत बसणारा चढाईचा टप्पा) अंधार पडता पडता संपते, थकलेल्या डोळ्यांनी रात्रभर गाडी चालवली जाते आणि सोमवारी ऑफिसात देह तेवढा हजर असतो. घरातला किंवा मित्रांमधला एखादा कार्यक्रमही त्यात बुडतो. दोन-तीन आठवडे असे गेले की घरचे, सहकारी आणि शरीर एकदमच तक्रार करू लागतात.

ही आखणी परतीच्या वेळेपासून मागे मागे करत यायची असते. क्रॅम्पॉनवर (बुटांना लावायच्या दातेरी पट्ट्यांवर) चालणं, बिले देणं (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) आणि टॉपरोपवर (वर आधीच बांधलेल्या दोरावर) चढणं तुम्ही प्रशिक्षकाकडून शिकला आहात, असं इथे गृहीत धरलं आहे. शिकला नसाल तर आधी ते शिका. चढाईचं तंत्र लेख वाचून येत नाही.

## १. हंगाम सुरू होण्याआधी: माणसांच्या तारखा पहिल्या

चढण्याजोगा बर्फ वर्षातले थोडेच आठवडे मिळतो. म्हणून हंगाम लागला की प्रत्येक सुटी बर्फाच्या नावावर लिहायचा मोह होतो. तसं करू नका. कॅलेंडर उघडून आधी न हलणाऱ्या तारखा भरा: लग्नं, वाढदिवस, मुलांच्या परीक्षा, कामातल्या मुदती, कामाच्या पाळ्या. उरलेल्यांतून बर्फाच्या सुट्या निवडा. माझं स्पष्ट मत आहे की पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने एकाआड एक आठवड्यापेक्षा जास्त जाऊ नये. सलग आठवडे गेल्यावर पहिली कमी होते ती झोप, आणि चढताना निर्णय चुकतात ते झोप अपुरी असतानाच.

तारखा ठरल्या की घरी आणि कामावर एकदमच सांगा. दर आठवड्याला नव्याने परवानगी मागत बसलात तर प्रत्येक वेळी नव्याने वाद होतो. सांगताना वेळही ठाम सांगा. ‘रविवारी संध्याकाळी येतो’ याचा अर्थ तुमच्या लेखी नऊ आणि घरच्यांच्या लेखी सहा असू शकतो. ‘रविवारी रात्री आठला घरात’ असं म्हणा.

जोडीदार निवडतानाही हाच निकष लावा. चढणारा कितीही चांगला असो, त्याला सोमवारी सुटी आणि तुम्हाला नाही, अशी जोडी मागे फिरायच्या वेळी अडचणीत येते. एकाला घाई, दुसऱ्याला आणखी एक पिच हवी, आणि हा वाद दोराच्या दोन टोकांवर उभं राहून होतो. दोघांच्याही सोमवारची गणितं जुळायला हवीत.

तपासा: हवामानामुळे एखादी बर्फाची सुटी वाया गेली तर ती पुढच्या आठवड्यातल्या कुणाच्या तरी वाढदिवसावर ढकलायची नाही, हे स्वतःशी आधीच ठरलं आहे का?

## २. सोमवार-मंगळवार: धार आणि हात

सामानाची दुरुस्ती आठवड्याच्या सुरुवातीला करा. तुटलेलं काही आढळलं तर बदलायला वेळ मिळतो.

आइस टूलची (बर्फात रोवायच्या छोट्या कुऱ्हाडीची) चोच आणि क्रॅम्पॉनचे पुढचे दात हातकानशीने घासा. ग्राइंडर लावू नका. त्याच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. मूळ आकार पाहून त्याच कोनात थोडंसंच घासायचं असतं, कारण घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. बोथट चोच बर्फात बसायला तीन-चार घाव घेते. तेवढ्याने दंड आणि मनगट थकतं, बर्फही फुटत जातो. आइस स्क्रूचे (दोर अडकवण्यासाठी बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ स्क्रूचे) दात मात्र कानशीने घासू नका. ते योग्य साच्यावर धरून किंवा जाणकाराकडून करून घ्या. एक दात जरी वाकडा झाला तरी स्क्रू फिरवताना अडकतो.

दोर पूर्ण वाळलेला आहे ना, हे बघा. बर्फासाठी पाणी न शोषणाराच दोर घ्या. ‘यूआयएए’ या गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जलरोधक चाचणीत उत्तीर्ण झालेला दोर स्वतःच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी पाणी शोषतो. साधा दोर भिजतो, गोठतो आणि बिले उपकरणातून सरकेनासा होतो.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्यात दोन छोटी सत्रं पुरेत. एकात ओढण्याचा आणि लटकण्याचा व्यायाम, दुसऱ्यात पोटऱ्या आणि जिने. गुरुवार-शुक्रवारी दमवणारं काही करू नका. पायाची नखं याच दिवसांत कापा. समोरचे दात रोवताना बोटं बुटाच्या पुढच्या भागावर आदळतात, आणि नखं वाढलेली असली तर ती काळी पडतात.

## ३. बुधवार: बर्फ कसा आहे?

या टप्प्यावर जितका वेळ द्याल तितका कमीच. बहुतेक जण फक्त शनिवारचा अंदाज बघतात. पण शनिवारी मिळणारा बर्फ हा मागच्या आठ-दहा दिवसांनी घडवलेला असतो. म्हणून मागचं तापमानही बघा.

साधारण शून्याखाली दोन ते आठ अंशांत बर्फ मऊ आणि चिवट असतो, घाव बसला की चोच धरून ठेवतो. उणे पंधराच्या खाली तो ठिसूळ होतो आणि थाळीएवढे तुकडे सुटू लागतात. त्याहून धोकादायक असते ती अचानक पडलेली थंडी. रात्रीतून पारा झपकन उतरला की बर्फ आकसतो आणि आत ताण साठतो. फक्त वर आणि खाली चिकटलेला, मध्ये मोकळा असलेला बर्फाचा खांब अशा वेळी एका घावाने आडवा तुटू शकतो. अशी थंडी आली की खांब सोडून द्या. कातळाला टेकलेला, कमी उताराचा बर्फ निवडा.

उबदारपणाचा धोका वेगळा आहे. तापमान शून्याच्या वर गेलं किंवा भिंतीवर थेट ऊन आलं की बर्फाच्या मागून पाणी वाहू लागतं, चिकटलेला भाग सुटतो आणि वर लोंबणारी झुंबरं खाली येतात. पूर्वेकडे तोंड असलेला धबधबा सकाळीच तापतो. भिंतीचं तोंड कुठे आहे हे नकाशावर बघा आणि त्यावर ऊन किती वाजता येतं ते लिहून ठेवा.

मग हिमस्खलन. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ भागांत हंगामात रोज निघणाऱ्या इशाऱ्यांत धोका १ ते ५ अशा पातळ्यांत दिलेला असतो. ३ म्हणजे ‘मधला, म्हणून चालेल’ असा अर्थ लोक काढतात. जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा याच पातळीवर घडतो, कारण ४ आणि ५ ला लोक घरी बसतात. धबधबा बहुतेकदा घळीत असतो, आणि वरच्या उतारावरचं सगळं काही त्याच घळीतून खाली येतं. तो उतार पायथ्यावरून दिसतच नाही. नकाशावर वरचा उतार ३० ते ४५ अंशांचा निघाला आणि नुकताच बर्फ पडला असेल किंवा वारा सुटला असेल, तर ती जागा या आठवड्यापुरती बाद.

शेवटी चढाईची श्रेणी. गोठलेल्या धबधब्यांच्या ‘वॉटर आइस’ (डब्ल्यूआय) श्रेणीत डब्ल्यूआय-३ मध्ये साधारण ७० अंशांचा उतार आणि मध्ये विसाव्याच्या जागा असतात, डब्ल्यूआय-४ मध्ये उभे तुकडे येतात, डब्ल्यूआय-५ मध्ये उभेपणा लांब चालतो. शुक्रवारी दिवसभर काम, मग प्रवास आणि शनिवारी पहाटे उठणं, असा क्रम असेल तर तुम्ही ताजेतवाने असताना ज्या श्रेणीत लीड करता (दोर घेऊन पहिले चढता) तिच्या एक पायरी खालचीच जागा निवडा. ही पायरी सोडायला लोक तयार नसतात, आणि अडकतात ते इथेच.

तपासा: कागदावर तीन पर्याय लिहिलेले हवेत. पहिली जागा. दुसरी जागा, जी पहिलीपेक्षा सोपी असेल, जिच्यावर ऊन येत नसेल आणि जिच्या वर हिमस्खलनाचा उतार नसेल. तिसरा पर्याय: न जाणं.

## ४. उलटं वेळापत्रक

आता पेन घ्या आणि रविवारी रात्रीपासून मागे या. एक उदाहरण असं:

- रात्री ८:०० घरात
- गाडीचा प्रवास ४ तास, म्हणून निघणं ४:००
- ओले कपडे बदलणं, सामान भरणं अर्धा तास, म्हणून गाडीपाशी ३:३०
- उतरून चालत येणं १ तास, म्हणून पायथा सोडणं २:३०
- तीन पिचचं रॅपलिंग दीड तास, म्हणून वरून उतरायला सुरुवात १:००
- अडकलेला दोर, हरवलेली वाट यांसाठी राखीव १ तास, म्हणून मागे फिरण्याची वेळ दुपारी १२:००
- दोघांच्या दोराला प्रत्येक पिचला दीड तास धरून साडेचार तास, म्हणून चढाईची सुरुवात ७:३०
- तयारी अर्धा तास, म्हणून पायथ्याशी ७:००
- चढण चालून येणं दीड तास, म्हणून गाडी सोडणं पहाटे ५:३०

बघा, तीन पिचची चढाई रविवारी कशीबशी बसते, तीही काही बिनसलं नाही तर. म्हणून मोठी चढाई शनिवारी करा आणि रविवारी गाडीजवळची एक पिच किंवा टॉपरोप ठेवा. बरेच जण उलट करतात. शनिवारी ‘हात मोकळे करू’ म्हणतात आणि मोठा धबधबा रविवारवर टाकतात. हे वेळापत्रक एकदा कागदावर मांडलं की तो बेत आपोआप गळून पडतो.

मागे फिरण्याची वेळ दोघांनी मिळून ठरवा आणि दोघांच्या फोनमध्ये गजर लावा. गजर वाजला तेव्हा माथा दहा मीटरवर असला तरी उतरायचं.

सावधान: घरी सांगायच्या वेळा दोन असतात. एक, पोहोचण्याची अपेक्षित वेळ. दुसरी, जिच्यापर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला फोन करायचा ती वेळ. दोन्हींत तीन-चार तासांचं अंतर ठेवा आणि दुसरी वेळ लेखी द्या. सोबत जागेचं नाव, वाट, गाडीचा क्रमांक, सोबत्यांची नावं आणि त्या भागातल्या बचाव पथकाचा फोन नंबर द्या. एकच मोघम वेळ दिली तर घरचे उगाच रात्रभर तळमळतात, किंवा खरी मदत हवी असताना ‘येतीलच’ म्हणून थांबून राहतात.

## ५. गुरुवार रात्र: सॅक भरणं

शुक्रवारी भरू नका. शुक्रवारी काम लांबतं, आणि घाईत राहून जातात त्या लहान वस्तू. सगळं सामान जमिनीवर मांडा, यादीशी ताडून बघा आणि मग भरा.

हेल्मेट, हार्नेस, टूल, क्रॅम्पॉन सहसा कुणी विसरत नाही. विसरलं जातं ते हे:

- हातमोज्यांच्या किमान तीन जोड्या: चढायला पातळ, बिले द्यायला जाड, आणि एक कोरडी राखीव
- बिले देताना सगळ्यावरून घालायचं जाड जॅकेट
- बर्फात आरपार भोकं पाडून व्ही आकाराचा अँकर (दोर अडकवायचा आधार) करायला २२ सेंटिमीटरचा स्क्रू, ७ मिलिमीटरची दोरी, ती ओढून काढायचा आकडा आणि चाकू
- हेडटॉर्च आणि जादा बॅटरी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात
- हिमस्खलनाच्या प्रदेशात ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं, प्रत्येकाकडे आपापलं
- गाडीत ठेवायचे कोरडे कपडे आणि बूट

क्रॅम्पॉन बुटांवर चढवून बघा, घरीच. बूट बदलल्यावर क्रॅम्पॉनची लांबी जुळवून घ्यायचं राहतं आणि पहाटेच्या अंधारात गोठलेल्या बोटांनी ते करावं लागतं.

दुसऱ्या दिवशीच्या कामाचीही याच रात्री आवराआवर करा. काय पूर्ण होणार, काय कुणाकडे सोपवायचं आणि सोमवारी पहिलं काय, या तीन ओळी पुरतात.

## ६. शुक्रवार: काम संपवणं आणि प्रवास

दुपारपर्यंत सहकाऱ्यांना कळवा की दोन दिवस फोन लागणार नाही, आणि तातडीचं काही असेल तर कुणाशी बोलायचं. अर्धवट उपलब्ध राहू नका. बिले देताना खिशात थरथरणारा फोन तुमच्या जोडीदाराच्या जिवावर बेतू शकतो. उपलब्ध असाल तर गावात राहा, नसाल तर स्पष्ट नाही म्हणा.

प्रवासाबाबत कठोर व्हा. १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी खालावलेली आढळली. सकाळी सहाला उठलात तर रात्री अकराला तुम्ही त्या अवस्थेत असता. तेव्हा निघून मध्यरात्री घाट चढणं म्हणजे चढाईपेक्षा मोठा धोका पत्करणं. दोन मार्ग आहेत: संध्याकाळी लवकर निघून दहापर्यंत पोहोचायचं, किंवा घरी झोपून पहाटे निघायचं आणि शनिवारची चढाई लहान करायची. दुसरा मार्ग मला जास्त पटतो, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

तपासा: झोपण्याआधी हिमस्खलनाचा ताजा इशारा आणि रात्रीचं तापमान पुन्हा बघितलं का? बुधवारचा पर्याय अजून टिकतो का?

## ७. शनिवार: बर्फावर

पायथ्याशी पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त बघा. वरून पाणी ठिबकतंय का? लोंबकळणारे तुकडे कुठे आहेत? वर आधीच कुणी चढतंय का? असेल तर त्याच रेषेत खाली उभं राहू नका. आइस क्लाइंबिंगमध्ये प्रत्येक घावाने काही ना काही खाली पडतं, आणि डोक्याएवढ्या तुकड्यापासून हेल्मेट वाचवेलच असं नाही. दुसरी वाट घ्या किंवा दुसरी जागा. लवकर पोहोचण्याचा हाही एक फायदा आहे.

क्रम असा ठेवा: आधी हेल्मेट, मग बाकी सगळं. एकमेकांचं हार्नेस, गाठ आणि बिले उपकरण हात लावून तपासा. बिलेअरने रेषेच्या बाजूला, शक्यतो कातळाच्या आडोशाला उभं राहावं. समोर उभं राहून वर बघत राहणं ही नेहमीची चूक.

लीड करणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी: बर्फावर पडायचं नसतं. कातळावर लीड करताना पडणं सरावाचा भाग असू शकतं. इथे क्रॅम्पॉनचे दात वाटेत अडकतात आणि घोटा मोडतो. हात भरून आले, पाय थरथरायला लागले, तर ताकद असतानाच स्क्रू लावा, त्यावर बसा आणि खाली उतरा. ‘अजून दोन घाव’ म्हणत राहू नका.

हातांच्या कळा हा नवख्यांना घाबरवणारा प्रकार आहे. हात सतत डोक्याच्या वर राहिल्याने आणि मूठ घट्ट आवळल्याने बोटांतलं रक्त कमी होतं. हात खाली आले की ते परत येतं आणि असह्य कळा उठतात, मळमळतंही. उपाय कळा येण्याआधीचा आहे: मूठ सैल ठेवा, दर काही घावांनी एक हात खाली सोडून झटका, आणि बिले देताना जाड हातमोजे लगेच चढवा. कळा सुरू झाल्या तर थांबा, त्या काही मिनिटांत ओसरतात. बोटं पांढरी आणि बधिर राहिली तर मात्र चढाई थांबवून ती अंगाच्या उबेत धरा. चोळू नका.

सावधान: रॅपलिंगआधी दोराच्या दोन्ही टोकांना गाठी. प्रत्येक वेळी. थकल्यावर सुटते ती नेमकी हीच पायरी.

## ८. रविवार: कमी, जवळ, वेळेत

रविवारी दंड जड असतात, हे धरूनच ठरवा. टॉपरोपवर पायांचं तंत्र घोटा, स्क्रू लावण्याचा सराव जमिनीवर उभं राहून करा, नव्या सोबत्याला शिकवा. उलट्या वेळापत्रकातली गाडी सोडण्याची वेळ पाळा. निघण्याआधी घरी एक निरोप पाठवा: बर्फावरून उतरलो, गाडीत आहोत. तुमच्या दृष्टीने हे दोन शब्द असतील, पण घरी वाट बघणाऱ्याला दिवसभर तेवढेच हवे असतात.

गाडी आलटून पालटून चालवा. डोळा लागतोय असं वाटलं की थांबा आणि वीस मिनिटं झोपा. आठऐवजी साडेआठ वाजतील, ते फोन करून कळवता येतं.

## ९. घरी पोहोचल्यावर

पहिला तास माणसांचा. सॅक दाराशी राहू द्या. पण झोपण्याआधी तीन कामं टाळू नका: दोर सावलीत मोकळा पसरा, बुटातला आतला भाग बाहेर काढून वाळत घाला, आणि टूल-क्रॅम्पॉन-स्क्रू पुसून कोरडे करा. ओल्या सॅकमध्ये एक रात्र राहिलेलं पोलाद सकाळी गंजाचे ठिपके दाखवतं.

सोमवारी सकाळी महत्त्वाचं सादरीकरण ठेवू नका. मनगटं आखडलेली असतात, टाइप करतानाही जाणवतं. गुरुवारी लिहिलेल्या तीन ओळींपासून काम सुरू करा.

## १०. बेत रद्द झाला तर

हे वारंवार होणार आहे, म्हणून त्याचीही पद्धत हवी. रद्द करायचा निर्णय शक्यतो गुरुवारी रात्री घ्या आणि सोबत्यांना लगेच कळवा, म्हणजे त्यांनाही आपली सुटी वापरता येते. मोकळे झालेले दोन दिवस अनोळखी सोपी जागा शोधण्यात घालवू नका. लांबलेली भेट, घरातलं अडलेलं काम, किंवा नुसती झोप, यांतलं एक निवडा. भरलेली सॅक तशीच राहू द्या, फक्त बॅटरी बाहेर काढा. पुढच्या ठरलेल्या सुटीआधीच्या बुधवारी पुन्हा तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा.